ओटमारच्या चारशे बारा खुणा

ओटमार ब्रेश माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्याहून चार वर्षांनी लहान, वीतभर उंच, आणि वाट चुकण्यात जर्मनीतल्या आमच्या आख्ख्या फाल्त्स मुलखात पहिला नंबर. हे मी टोमणा मारायला सांगत नाहीये, छाती काढून सांगतोय. आमच्या रिनवायलर स्टेशनापासून जंगलातून वरच्या खानावळीपर्यंत आणि तिथून पलीकडे ऑयसरबाखच्या खोऱ्यात उतरणारी सतरा किलोमीटरची पायवाट आहे. तिच्यावर झाडाझाडाला निळा पट्टा आणि पट्ट्यावर पांढरा ठिपका दिसतो ना, तो माझ्या भावाच्या हातचा. सव्वीस वर्षं तो त्या वाटेचा खूणकरी आहे. आणि ह्या सव्वीस वर्षांत त्या वाटेवर एक पाहुणा हरवलेला नाही. शेजारच्या गावांना विचारा त्यांचे किती हरवले. नाही सांगणार ते.

मी एडगर. आठवी झालो, मग अडतीस वर्षं बुटांच्या कारखान्यात कातडं कापलं. मी कापलेल्या कातड्याचे बूट घालून लोक कुठं कुठं हिंडले असतील, पण मी स्वतः ह्या जंगलाबाहेर फारसा गेलो नाही. गरजच काय? मी सगळ्यांना सांगायचो, ह्या जंगलात मला डोळे बांधून सोडा, जेवायच्या वेळेला घरी नाही आलो तर नाव बदलीन.

ओटमारचं उलटं. सहा वर्षांचा असताना आईने त्याला तीन घरं सोडून आत्याकडे खमीर आणायला पाठवलं. शनिवार होता, डाम्फनूडल, म्हणजे आमचे खमिराच्या पिठाचे गोळे, वाफवायचे होते. हे कार्टं जे गेलं ते आलंच नाही. संध्याकाळी पलीकडच्या लाउटरष्टालच्या बंबवाल्यांनी त्याला आणून सोडलं. हातात खमीर तसंच. म्हणजे आत्याकडे बरोबर पोचला होता, परत येताना घर सापडेना. वडिलांनी विचारलं, गेलास तीच वाट ना यायची? तर हा म्हणतो, तीच नव्हती, उलटी होती. वडिलांनी एक ठेवून दिली. त्या उत्तरात किती शहाणपण होतं हे मला साठ वर्षांनी कळलं, पण ते पुढं सांगतो.

मोठा होऊन रंगारी झाला. हात असा की ब्रशने रेघ मारली तर पट्टी लावल्यासारखी. पण पत्ता म्हटला की गोंधळ. एकदा मालकाने त्याला लाउटरष्टालला एका घराच्या खिडक्यांची दारं हिरवी करायला पाठवलं. ह्याने दोन दिवस राबून सोळा दारं रंगवली, मधल्या कडेची बारीक पांढरी रेघसुद्धा काढली, आणि मग कळलं की घर शेजारचं. घरमालकीण विधवा होती. दोन्ही दिवस ती खिडकीतून सगळं बघत होती, बोलली काही नाही, वर आलुबुखाराचा केक करून दिला. तिची मुलगी तेवढी पडद्याआडून हसत होती. तीच आमची रोसवीटा, ओटमारची बायको. ती अजून म्हणते, ह्या माणसाला बरोबर पत्ता मिळाला असता तर माझं लग्नच झालं नसतं.

तर असला माणूस खूणकरी कसा झाला? आधीच्या खूणकऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा आमच्या भटकंती मंडळाने पहिल्यांदा मला विचारलं. साहजिकच होतं. मी चार दिवसांत सगळी वाट उरकली. पन्नासेक खुणा. त्या वसंतात पाहुण्यांच्या पाच टोळ्या जुन्या दगडाच्या खाणीत जाऊन उभ्या राहिल्या. मंडळाने मला बोलावलं, मी म्हटलं लोकांना डोळे दिलेत देवाने. तरी पण त्यांनी ठरवलं की निदान रंगाचा हात धाकट्याने फिरवावा.

पहिल्या दिवशी मी त्याच्या बरोबर गेलो, नाहीतर तो डबा घेऊन फ्रान्सात पोचला असता. पहिल्याच फाट्यावर हा थांबला. इकडे वळला, तिकडे वळला, मान वर करून झाडं बघायला लागला. मी म्हटलं, अरे समोर. तो म्हणाला समोर तीन वाटा आहेत. मी म्हटलं मधली, गाढवा. तेव्हा तो जे बोलला ते मला आजही जसंच्या तसं आठवतं.

"मोठ्या, तू जरा गप्प उभा राहा. मला नीट चुकू दे."

आणि खरंच चुकला. डावीकडे वीस पावलं गेला, थांबला, मागे आला, आधी कुठे बघितलं ते आठवलं, आणि नजर जिथे पहिल्यांदा गेली होती त्या झाडावर खूण काढली. मी दाखवलेल्या झाडावर नाही, त्याच्या शेजारच्या हडकुळ्या झाडावर. पुढच्या फाट्यावर तेच. सतरा किलोमीटरला आम्हाला अकरा दिवस लागले. मग बारावा दिवस उजाडला तर हा म्हणतो, आता ऑयसरबाखकडून इकडे यायच्या खुणा. मी म्हटलं वाट एकच आहे रे बाबा. तो म्हणाला, एक नाही, जायची वेगळी, यायची वेगळी, पाठीमागून बघितलं की सगळं अनोळखी असतं. परत अकरा दिवस.

त्या वर्षापासून खाणीत कोणी गेलं नाही.

रविवारी तो वरच्या खानावळीत बसतो. आमची खानावळ मंडळाचेच लोक पाळीपाळीने चालवतात. दाराजवळच्या बाकावर ओटमार, आणि त्याच्याभोवती पाहुणे. हांबुर्गचे, सॅक्सनीचे, हॉलंडचे, एकदा तर जपानचे सहा जण होते. सगळे हातात पुस्तक नाहीतर फोन घेऊन येतात आणि गोंधळलेले असतात. पुस्तकात लिहिलेलं खोटं नसतं हो, पण ते न चुकणाऱ्या माणसाने लिहिलेलं असतं. ओटमार जे सांगतो ते सगळं स्वतः केलेल्या चुकांतलं. म्हणून लोक ऐकतात.

तो सांगतो, इथल्या माणसाने अर्धा तास लागेल म्हटलं तर तास धरा, आणि तो माणूस म्हातारा असला तर नुसता हसा. सोमवार ते शुक्रवार खानावळ बंद, बुधवार सोडून, तेव्हा भाकरतुकडा बरोबर ठेवा. नाणी ठेवा, इथे कार्ड चालत नाही. खाऊन झालं की ताट स्वतः खिडकीशी नेऊन द्या, कोणी उचलायला येणार नाही, आणि टेबलावर तसंच टाकून गेलात तर आमची लोकं काही बोलणार नाहीत, पण वर्षभर तुम्हाला नावं ठेवतील. टेबलावर अनोळखी माणसं बसली असली तरी सरका म्हणा आणि बसा. ती मोठ्याने बोलत असली तर भांडण समजू नका. आमच्याकडे माणूस हळू बोलला की घरचे डॉक्टरला फोन करतात.

आणि पेला. हे मी सांगतो, कारण ह्याला साक्षी मी आहे. आमच्याकडे वाईन-सोड्याचा अर्ध्या लिटरचा पेला टेबलावर फिरतो. हातात आला की एक घोट घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा. हांबुर्गच्या एका नवराबायकोला ओटमारने पेला दिला. त्यांना वाटलं पाहुणचार. दोघांनी मिळून तळ गाठला आणि आभार मानले. टेबलावर अशी शांतता झाली की कोणीतरी गेलंय असं वाटावं. ओटमार उठला, दुसरा पेला भरून आणला, स्वतः एक घोट घेतला, माझ्याकडे दिला, मी पुढे दिला, असा तो टेबलाला एक फेरा मारून परत त्या बाईपर्यंत आला. बाई लालबुंद. पण शिकली. दर वर्षी येते आता, आणि नवख्यांना तीच शिकवते.

ऑक्टोबरमध्ये नवी वाईन निघते, ती अजून फसफसत असते आणि बाटलीला झाकण नुसतं वर ठेवलेलं असतं. ती पिशवीत आडवी ठेवायची नाही, हेही ओटमार प्रत्येकाला बजावतो. स्वतः एकदा नेसत्या कपड्यांवर घेऊन आला होता. रोसवीटाने त्याला अंगणातच नळाखाली उभा केला.

असं सगळं छान चाललं होतं. मग मंडळाने वाटांचं काम विनेफेल्ड बाईंकडे दिलं.

विनेफेल्ड बाई माइन्झला भूगोल शिकवायच्या, निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या. त्याला नऊ वर्षं झाली, म्हणजे अजून नव्याच. बाई वाईट नाहीत. कष्टाळू आहेत, वाटेवरचा कचरा स्वतः उचलतात. पण त्यांना सगळं मोजायचं असतं. आमच्या वाटेला 'उत्तम वाट' अशी पाटी मिळावी असं त्यांनी मनावर घेतलं. त्यासाठी बाहेरून तीन जणांची समिती येऊन वाट चालून बघणार होती. ऑक्टोबरातला शनिवार ठरला. आणि त्याआधी बाई स्वतः सगळी वाट चालल्या आणि ओटमारच्या खुणा मोजल्या. चारशे बारा.

नियमाने दोनशे पुरे.

मंडळाच्या बैठकीत त्यांनी हे सगळ्यांसमोर काढलं. अहो ब्रेश, जंगल म्हणजे वर्गातला फळा नाही, असं म्हणाल्या. एके ठिकाणी तीस पावलांत चार खुणा आहेत, समितीला हे बघून वाटेल आम्ही लोकांना आंधळे समजतो. शनिवारच्या आत दोनशेवर आणा, नाहीतर मला वाट ऑयसरबाखच्या शाखेकडे द्यावी लागेल, त्यांचे लोक नियमाने करतात. मी उठणार होतो. पण ओटमार शांतपणे म्हणाला, "काढतो बाई. कुठल्या काढू?"

"जास्तीच्या."

"हो, पण जास्तीची कुठली ते कसं कळतं?"

बाईंना वाटलं हा थट्टा करतोय. मला माहीत होतं तो खरंच विचारतोय. त्याच्या लेखी प्रत्येक खुणेच्या जागी कोणीतरी चुकलेलं होतं, बहुतेक तो स्वतः.

गुरुवारी तो माझ्याकडे आला. टोपी हातात घेऊन दारात उभा. म्हणाला, मोठ्या, उद्या माझ्याबरोबर येशील का. मला जास्तीची कळणार नाही, तुला कळेल, तू कधी चुकत नाहीस. आता खरं सांगतो, मला बरं वाटलं. सव्वीस वर्षांत त्याने मला त्या वाटेवर काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, धाकट्या, दुपारच्या आत मोकळे होऊ. वाट तुझीच राहणार, मी आहे ना.

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही स्टेशनापासून निघालो. आभाळ स्वच्छ, चेस्टनटची बोंडं वाटभर पडलेली. ओटमारकडे खरवडायची पट्टी आणि झाडाच्या सालीच्या रंगाचा डबा. मी बोट दाखवायचो, तो पुसायचा, मी कागदावर एक रेघ मारायचो.

ही कशाला, मी म्हणायचो. तो म्हणायचा, इथे तुझ्या खुणांच्या वसंतात श्टुटगार्टच्या दोन बहिणी रडत बसल्या होत्या. मी म्हणायचो, बहिणी गेल्या घरी, पूस. पुढच्या झाडाशी तो म्हणायचा, इथे मी स्वतः दोनदा हरवलोय. तू कुठे हरवला नाहीस, मी म्हणायचो, पूस. एका ओकशी तो बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, इथे ऊन मागून येतं तेव्हा खालची वाट मोठी दिसते. मी म्हटलं, मला नाही दिसत. त्याने पुसली.

येण्याच्या खुणाही पुसत होतो, म्हणजे झाडाच्या दुसऱ्या अंगाच्या. एक वाजता वरच्या खानावळीशी पोचलो. शुक्रवार, कुलूप. पायरीवर बसून लिव्हर सॉसेज आणि राईचा पाव खाल्ला. कागदावर एकशे एकवीस रेघा झाल्या होत्या. मग पलीकडच्या उताराच्या पुसल्या. साडेतीनला ऑयसरबाखच्या वरच्या कुंपणाशी दोनशे बारावी रेघ मारली आणि मी म्हटलं, बघ, झालं की नाही. दोनशे उरल्या. बाईंनी मोजाव्यात.

ओटमार डब्याचं झाकण दाबत बसला.

परत निघालो तेव्हा खोऱ्यातून धुकं वर यायला लागलं. आमच्याकडे ऑक्टोबरात येतंच, त्यात काय. खानावळ ओलांडली, तिथवर गाडीरस्ताच आहे. पुढे तीन बीचची झाडं आहेत आणि तिथून चार वाटा फुटतात. मी पुढे होतो. चल माझ्यामागून, म्हटलं, आणि वळलो.

पाऊण तासाने एक झरा लागला. मी तो झरा जन्मात बघितला नव्हता.

ओटमारला मी म्हटलं की हा झरा नवीन आहे. तो म्हणाला, झरा? नवीन? मी म्हटलं, हो, पाऊस झाला ना यंदा. पुढे गेलो, उजवीकडे वळलो, परत वळलो, आणि अर्ध्या तासाने तोच झरा लागला. त्याच्या काठाला चिखलात माझ्याच बुटांचे ठसे. मी शिवलेले नसले तरी कापलेल्या कातड्याचे. मला कळेचना. झाडं तीच होती, माझी. सत्तर वर्षांच्या ओळखीची. पण एकही ओळख देईना. लग्नाच्या घरात चुकून भलत्याच मांडवात शिरावं आणि सगळ्यांनी हसून बघावं तसं झालं. मी परत त्या तीन बीचशी जायचं म्हटलं, तर ते कुठल्या बाजूला तेही सांगता येईना.

त्या तीन बीचशी सव्वीस वर्षं मी डावीकडे वळत आलो. मला वाटायचं बीच बघून वळतो. बीच आजही तिथेच उभे होते. वळता आलं नाही. मधल्या बीचच्या शेजारी जे हडकुळं झाड आहे त्याच्यावर निळा पट्टा होता, तो सकाळी मीच पुसायला लावला होता.

मी ओरडायला लागलो. धुक्यावर, बाईंवर, नियमावर, आणि मग ओटमारवर, की तुला तर माहीत असेल, तुझी वाट आहे. तो शांत. मी त्याला इतका शांत कधी बघितला नाही. घरापासून तीन घरांवर हरवणारा माणूस, आणि इथे देवळात बसल्यासारखा.

"मोठ्या, बस आधी," तो म्हणाला. "चुकलेल्या माणसाने पहिल्यांदा भांडण थांबवायचं असतं."

त्याने खिशातून चेस्टनट काढले, चाकूने सोलून मला दिले, कच्चेच. खा म्हणाला, भुकेला माणूस घाईत वळतो. मग उभा राहून आलो त्या बाजूला तोंड करून बघत बसला, म्हणाला हे लक्षात ठेव, मागून असं दिसतं. मग पाण्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, पाणी खाली जातं आणि खाली माणसं राहतात. झऱ्याच्या काठाने निघाला. मी मागून. त्याच्या कोटाची शिवण बघत चाललो होतो, जसा लहानपणी तो माझ्या कोटाची बघत चालायचा.

साडेसातच्या सुमाराला दिवे दिसले. गाव होतं लाउटरष्टाल. आणि पहिलीच इमारत बंबखाना. शुक्रवार संध्याकाळ, त्यांची कवायत चालू होती. त्यांचा आत्ताचा मुखिया म्हणजे साठ वर्षांपूर्वी ओटमारला घरी सोडणाऱ्याचा मुलगा. त्याने आमच्याकडे बघितलं, ओटमारच्या हातातल्या डब्याकडे बघितलं, आणि म्हणाला, बापाने धाकटा पोचवला होता, माझ्या वाट्याला जोडी आली. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, हे आपल्यात राहू दे. त्याने शब्द दिला. आमच्या ह्या खोऱ्यातले बंबवाले शब्दाला पक्के. आम्हाला लाल गाडीतून घरी आणून सोडलं, घंटा न वाजवता.

रोसवीटाने सूप वाढलं. कोण चुकलं हे तिने विचारलंसुद्धा नाही, धरूनच चालली. आज किती लांब गेलास रे, असं ओटमारलाच म्हणाली. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, लाउटरष्टालला. माझं नाव घेतलं नाही. मीही नुसतं सूप गिळत बसलो.

जेवण झाल्यावर त्याने ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला. एवढा स्वच्छ धुतला की मला शंका आली. मग वर्तमानपत्रात गुंडाळला, दोरी बांधली. मी विचारलं हे काय. तो म्हणाला, उद्या बाईंना देऊन टाकतो, ऑयसरबाखच्या लोकांना द्या म्हणून. मी म्हटलं, अरे वेड्या, दोनशे झाल्यात, वाट तुझी राहिली. तेवढ्यासाठी तर दिवस घालवला.

"दोनशेवर मी स्वतःच पोचत नाही," तो म्हणाला. "मग दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगू, ये म्हणून?"

मी घरी आलो. बूट काढायला बसलो तर लेस सुटेना. मला सारखं वाटत होतं की ह्यात कुठेतरी माझी चूक आहे, पण चूक नेमकी कुठल्या झाडाशी झाली ते सापडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन असं पडलं होतं की धुकं कधी होतं हे कोणाला सांगून पटलं नसतं. नऊ बेचाळीसच्या गाडीने समिती उतरली. एक लांब मानेचे गृहस्थ, हातात लिहायची पाटी, आणि दोन बायका, एकीच्या गळ्यात दुर्बीण. विनेफेल्ड बाई खुशीत होत्या. ओटमारने दोनशे झाल्या म्हणून सांगितल्यावर त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. ओटमारने काखेतली वर्तमानपत्राची गुंडाळी पुढे केली आणि बोलायला तोंड उघडलं.

त्याच्या आधी मी बोललो. म्हटलं, बाई, काल ह्या वाटेवर माणूस हरवला.

लांब मानेच्या गृहस्थांनी पेन काढलं. बाईंचा चेहरा उतरला. ओटमारने माझी बाही ओढली, पण मी आता सुरू झालो होतो.

"कोण हरवलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. नऊ वर्षं मी त्यांना प्रत्येक बैठकीत सांगत आलो होतो. "तुम्ही? म्हणजे डोळे बांधून सोडलं तरी जेवायला घरी येणारे, ते तुम्हीच ना?"

तोच मी, म्हटलं. जेवायला घरी आलो, पण बंबाच्या गाडीतून. आणि चुकवलं कोणी, तर मीच. कुठल्या खुणा जास्तीच्या ते ह्याने मला विचारलं आणि मी दाखवल्या. दोनशे बारा. सव्वीस वर्षं ह्या जंगलातून मी माझ्या अकलेने चालत होतो असं मला वाटायचं, बाई. मी ह्याच्या रंगाने चालत होतो. हे माझं नाव, ब्रेश, हवं तर लिहून घ्या.

गृहस्थांनी विचारलं, नेमके कुठे चुकलात. मी म्हटलं, ते कळलं असतं तर चुकलो असतो का? त्यांनी पेन वर धरलं, खाली केलं, परत वर धरलं. हे कुठल्या रकान्यात घालायचं ते त्यांना समजेना. दुर्बीणवाली बाई म्हणाली आपण आधी चालू या का.

चाललो. बाई नकाशा घेऊन पुढे, समिती मागे, आम्ही दोघे शेवटी. ओटमारची गुंडाळी काखेतच. तीन बीचच्या आधीपर्यंत ठीक होतं. तिथे बाई थांबल्या. नकाशा बघितला, झाडं बघितली, नकाशा फिरवला. मी बोट वर करणार, तर ओटमारने माझा हात धरला आणि मान हलवली. चुकू दे.

बाई उजवीकडे वीसेक पावलं गेल्या. तिथे थांबल्या. परत आल्या. भर उन्हात, हातात नकाशा, आणि भूगोलाच्या शिक्षिका. कोणी हसलं नाही. मी तर मुळीच नाही.

"इथे एक हवी," त्या म्हणाल्या, आणि मधल्या बीचकडे बोट केलं.

ओटमारने गुंडाळीची दोरी सोडली. पाठपिशवीतून निळा डबा काढला, कारण रंगारी माणूस काही परत द्यायला निघाला तरी रंग घरी ठेवून येत नाही. मग बाईंना विचारलं, "आल्या आल्या आधी कुठे बघितलंत?"

बाई त्या वाटेवर दहा पावलं मागे गेल्या आणि परत चालत आल्या. त्यांचा हात आपसूक वर झाला, बीचकडे नाही, शेजारच्या हडकुळ्या झाडाकडे.

ओटमारने तिथे निळा पट्टा ओढला. पट्टी लावल्यासारखा.

गृहस्थांनी विचारलं, ही दोनशे एकावी धरायची का?

"थांबा," विनेफेल्ड बाई म्हणाल्या. त्या अजून त्या झाडाकडेच बघत होत्या. "आत्ताच मोजू नका."